फोटो काढण्याआधीच डेप्थ ऑफ फील्ड कशी बघता?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात कासला जायचं ठरतंय, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो. माझ्याकडे निकॉन डी५३००, १८-५५ची किट लेन्स आणि ३५ एमएम एफ/१.८ आहे. व्ह्यूफाइंडरला डोळा लावून अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; आकडा मोठा तितकं भोक लहान) एफ/२ ठेवा नाहीतर एफ/११, समोरचं दृश्य जसंच्या तसं दिसतं. पुढच्या तेरड्यापासून मागच्या डोंगरापर्यंत नक्की काय काय शार्प येणार (म्हणजेच डेप्थ ऑफ फील्ड), हे फोटो काढून मागच्या स्क्रीनवर बघितल्याशिवाय कळत नाही.

मामाच्या जुन्या फिल्म कॅमेऱ्याला लेन्सच्या बाजूला एक छोटी दांडी आहे. ती दाबली की व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार होतो आणि फोटो कसा येणार त्याचा अंदाज येतो. माझ्या बॉडीवर तसलं बटणच नाही. सेन्सर आहे, स्क्रीन आहे, मग ही सोय का नाही? आणि ती नसताना तुम्ही काय करता?

बंड्या_क्लिक
फोटो काढायचा, बघायचा, नाही आवडला तर परत काढायचा. रोल थोडाच संपतोय!

मुक्ताई
पाऊलवाट, प्रश्न चांगला आहे. आधी कारण सांगते. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशावरून व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, लेन्स कायम पूर्ण उघडी असते, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये भरपूर उजेड येतो आणि ऑटोफोकसलाही तो मिळतो. तुम्ही एफ/११ ठेवलंत तरी भोक लहान करणाऱ्या लेन्समधल्या पात्या मिटतात त्या शटर दाबल्यावर, आरसा वर जातो त्या क्षणी. फोटो झाला की लगेच परत उघडतात. त्यामुळे व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्हाला सदैव उघड्या लेन्सचं दृश्य दिसतं.

प्रिव्ह्यूचं बटण एवढंच करतं की पात्या आधीच मिटवून दाखवतं. निकॉनमध्ये डी९०, डी७०००सारख्या बॉडींवर ते लेन्सच्या शेजारी असतं. डी३००० आणि डी५०००च्या घराण्यात ते दिलेलं नाही. कॅननच्या बऱ्याच बॉडींवर लेन्स सोडवायच्या बटणाच्या खाली सापडेल. १३००डी, १५००डीवर वेगळं बटण नाही, पण कस्टम फंक्शनमध्ये जाऊन सेट बटणाला हे काम लावता येतं. पेंटॅक्सवाल्यांची सोय मला सगळ्यात आवडते: चालू-बंद करायची कळच आणखी थोडी पुढे फिरवली की प्रिव्ह्यू. बोट आधीच तिथे असतं, शोधाशोध नाही.

भिंगरी
डी५३००वाल्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, मार्ग आहे.

ए मोडमध्ये (अ‍ॅपर्चर आपण ठरवायचा मोड) अ‍ॅपर्चर आधी ठरवा आणि मग लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट दृश्य) चालू करा. या बॉडी लाइव्ह व्ह्यू चालू होताना जे अ‍ॅपर्चर असेल त्यावर पात्या मिटवून ठेवतात. म्हणजे स्क्रीनवर जे दिसतंय ते त्याच अ‍ॅपर्चरचं. आता भिंगाचं बटण दाबून पुढचं फूल मोठं करून बघा, मग सरकवत मागच्या फुलावर जा.

मेख एकच. लाइव्ह व्ह्यू चालू असताना चाक फिरवून एफ/४चं एफ/११ केलंत, तर आकडा बदलतो, चित्र तेच राहतं. पात्या जागच्या हलत नाहीत. लाइव्ह व्ह्यू बंद करून परत चालू करायचा, मग नवीन अ‍ॅपर्चर लागू होतं. खात्री हवी असेल तर कॅमेरा आपल्याकडे वळवून लेन्समध्ये समोरून डोकवा. एफ/११ ठेवून लाइव्ह व्ह्यू चालू केला की आतलं भोक मटकन लहान झालेलं दिसेल.

पाऊलवाट
भिंगरी, आत्ता खिडकीतल्या कुंड्यांवर करून बघितलं. समोरून डोकावल्यावर पात्या खरंच मिटलेल्या दिसल्या! इतकी वर्षं कॅमेरा हातात आहे आणि हे कुणी सांगितलं नव्हतं. मनापासून धन्यवाद.

मुक्ताई, कारणही नीट कळलं. एक शंका: पात्या मिटल्यावर स्क्रीन काळवंडायला हवी ना? तशी झाली नाही.

मुक्ताई
नाही होणार. सेन्सरवर येणारा उजेड कमी झाला की कॅमेरा तेवढा सिग्नल वाढवतो आणि स्क्रीन बघण्याजोगी ठेवतो. काचेच्या व्ह्यूफाइंडरमधून एफ/१६चा प्रिव्ह्यू बघणं म्हणजे तिन्हीसांजेला वाचत बसण्यासारखं आहे, डोळा सरावेपर्यंत काहीच लागत नाही. स्क्रीनवर तो त्रास नाही, फक्त अंधाऱ्या जागी चित्रात दाणे दिसायला लागतात. म्हणून मी बटण असलेल्या बॉडीवरसुद्धा लाइव्ह व्ह्यूमध्येच प्रिव्ह्यू बघते. कॅननवर लाइव्ह व्ह्यूमध्येही ते बटण दाबून धरावं लागतं, कारण तिथे लेन्स उघडीच राहते.

सिल्व्हर_ब्रोमाइड
माझं मत जरा वेगळं आहे. आमच्या काळी प्रिव्ह्यूपेक्षा लेन्सवरचं स्केल जास्त कामाला यायचं. फोकसच्या रिंगशेजारी दोन्ही बाजूंना ४, ८, ११, १६ असे आकडे कोरलेले असायचे. एफ/११ ठेवलंय तर दोन ११च्या मध्ये जेवढं अंतर बसतं तेवढं शार्प. डोळा न लावता, कॅमेरा गळ्यात लटकलेला असतानाही कळायचं. १९७६ साली आलेल्या पेंटॅक्स के१०००ला तर प्रिव्ह्यू नव्हताच, तरी त्याच्यावर पिढ्या शिकल्या.

आताच्या प्लास्टिकच्या किट लेन्सवर ना स्केल ना अंतराचे आकडे. ही खरी अडचण आहे, बटण नसणं नव्हे.

पाऊलवाट, तुमच्यासाठी एक हिशोब देतो. १८ एमएमवर एफ/८ ठेवा आणि साधारण दोन मीटरवरच्या वस्तूवर फोकस करा. तुमच्या सेन्सरला एक मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सगळं शार्प येईल. फोकसच्या या दोन मीटर अंतराला हायपरफोकल अंतर म्हणतात. ३५ एमएमवर तेच अंतर एफ/८ला पावणेआठ मीटरच्या आसपास जातं, म्हणजे चारेक मीटरच्या अलीकडची फुलं गेली. कासला रुंद फोटोसाठी किटच लावा.

जुन्या लेन्स अडॅप्टरने लावणाऱ्यांसाठी: ते स्केल ३५ एमएम फिल्मसाठी कोरलेलं आहे. छोट्या सेन्सरवर एक स्टॉप (अ‍ॅपर्चरची एक पायरी) अलीकडचं वाचा. एफ/११ ठेवलं असेल तर ८च्या खुणा बघा.

लग्नसराई
काका +१. मी लग्नं शूट करतो. अक्षता पडायला लागल्यावर प्रिव्ह्यूचं बटण कोण दाबत बसणार? आकडे डोक्यात पक्के हवेत.

क्रॉप बॉडीवर (छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० एमएम, माणूस दोन मीटरवर: एफ/१.८ला शार्प पट्टा जेमतेम साडेअकरा सेंटीमीटर. एफ/४ला पाव मीटर. एफ/८ला अर्धा मीटर. वधूचा चेहरा थोडा वळलेला असेल तर एफ/१.८ला नथ शार्प आणि कानातले धूसर. सासूबाईंनी दिलेले कानातले असतील तर अल्बम परत येतो!

ग्रूप फोटोला ३५ एमएम, चार मीटर अंतर, एफ/५.६. तीन मीटरपासून सहा मीटरपर्यंत सगळे येतात. मागच्या रांगेत खुर्चीवर चढलेले काकासुद्धा.

बंड्या_क्लिक
लग्नसराई, ते कानातल्यांचं १०० टक्के खरं आहे. आमच्याकडे मावशीने अल्बममधल्या प्रत्येक फोटोत पैठणीचा पदर शार्प आहे का ते तपासलं होतं.

अक्षांश
आता एक गोष्ट सांगतो जी फार कमी लोकांना माहीत असते, आणि ज्यांच्याकडे प्रिव्ह्यूचं बटण आहे त्यांनी तर नक्की वाचावी.

आजच्या डीएसएलआरचा काचेचा व्ह्यूफाइंडर मोठ्या अ‍ॅपर्चरला खोटं दाखवतो. आत जो फोकसिंग स्क्रीन असतो, तो उजळ दिसावा म्हणून अगदी बारीक पोताचा केलेला असतो. किट लेन्स एफ/३.५-५.६च्या असतात, त्या लावल्यावरही गिऱ्हाइकाला लख्ख दिसायला हवं ना. पण अशा स्क्रीनवर लेन्सच्या कडेकडून तिरपे येणारे किरण डोळ्यापर्यंत पोचतच नाहीत. परिणाम असा की लेन्स एफ/१.४ची असली तरी व्ह्यूफाइंडरमध्ये डेप्थ दिसते ती साधारण एफ/२.५ ते एफ/२.८ची.

बटणवाल्या बॉडीवर एफ/१.८ची लेन्स लावून स्वतः पडताळा. एफ/२ ठेवून प्रिव्ह्यू दाबा: उजेडात आणि धूसरपणात जवळपास काहीच फरक नाही. हळूहळू एफ/२.८च्या पुढे जा, मग अंधार व्हायला लागतो. म्हणूनच मोठ्या अ‍ॅपर्चरच्या लेन्स व्ह्यूफाइंडरमधून हाताने फोकस करताना नेम चुकतो. कॅननने ५डीसाठी ईई-एस नावाचा जाड पोताचा वेगळा स्क्रीन विकायला ठेवला होता तो यासाठीच. किट लेन्स लावली तर तो काळोखा, पण एफ/१.४ला प्रामाणिक. पाऊलवाट यांच्या मामांचा कॅमेराही याच अर्थाने जास्त खरा आहे.

तेव्हा मुक्ताईंनी लाइव्ह व्ह्यू सांगितला तो उजेडापुरताच नाही, खरेपणासाठीही बरोबर आहे. तिथे सेन्सरच बघतोय.

सिल्व्हर_ब्रोमाइड
अक्षांश, हे छान मांडलंत. जुन्या स्क्रीनवर मधोमध ती दुभंगलेली प्रतिमा जुळवायची वर्तुळं असत, बाकी काच दाणेदार. अंधार वाटे, पण धूसर ते धूसरच दिसे.

मिररमुक्त
मंडळी, मिररलेस (आरसा नसलेला कॅमेरा) घ्या, प्रश्न मिटला. जे दिसतं तेच मिळतं.

भिंगरी
मिटत नाही हो, रूप बदलतो. प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी आहे.

निकॉन झेडमध्ये एफ/५.६पर्यंत पात्या खरोखर मिटतात आणि तसंच दिसतं. त्यापुढे एफ/८, एफ/११ ठेवलंत तरी चित्र एफ/५.६चंच राहतं, फक्त उजेडाचा हिशोब जुळवून दाखवतात. पूर्ण बघायचं तर एखाद्या एफएन (फंक्शन) बटणाला प्रिव्ह्यू लावावा लागतो. कासला एफ/११वर काम करणारा झेड५०वाला हे माहीत नसेल तर तुमच्याइतकाच अंधारात.

कॅननच्या आर मालिकेत लेन्स एरवी उघडी असते. आर७, आर६ मार्क २ यांसारख्या नव्या बॉडींत डिस्प्ले सिम्युलेशनमध्ये एक्स्पोजरबरोबर डेप्थ ऑफ फील्डही निवडता येतं, नाहीतर बटण नेमायचं. सोनीत सेटिंग इफेक्ट चालू ठेवला की बरंचसं खरं दिसतं, शिवाय अ‍ॅपर्चर प्रिव्ह्यू बटणाला लावता येतो. फूजीत शटर अर्धं दाबलं की पात्या मिटतात.

दुकानात हातात घेऊन बघताना हे कुणी सांगत नाही, मेनूत शिरून शोधावं लागतं.

मिररमुक्त
माझी सोनी आहे, त्यामुळे बाकीच्यांचं माहीत नव्हतं. माहितीबद्दल आभार. मुद्दा मान्य, पण काळोखा व्ह्यूफाइंडर तरी सुटला हे कबूल करा. :)

भिंगरी
ते बिनशर्त कबूल.

नाकतोडा
मॅक्रोवाला बोलू का? तुम्ही सगळे मीटर आणि सेंटीमीटरमध्ये बोलताय, आमचा सगळा संसार मिलिमीटरात.

एकास एक आकारात, म्हणजे सेन्सरवर किडा स्वतःच्या मापाचा येतो तेव्हा, क्रॉप बॉडीवर एफ/८ला शार्प पट्टा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्त, हिशोबाने ०.६४. एफ/१६ला त्याच्या दुप्पट, तरी सव्वा मिलिमीटरच. शिवाय एवढ्या जवळ गेल्यावर एफ/१६चं काम प्रत्यक्षात एफ/३२सारखं होतं आणि विवर्तनामुळे (लहान भोकातून जाताना उजेड पसरल्यामुळे) सगळंच चित्र मऊ पडतं. लेन्सवरचं स्केल, मोबाइलवरचं कॅल्क्युलेटर, काही उपयोगाचं नाही. श्वास घेतला तरी फोकस सरकतो.

आणि तरीही प्रिव्ह्यूशिवाय मी एक फोटो काढत नाही. कारण मी शार्पपणा बघायला प्रिव्ह्यू दाबतच नाही. मी मागचं बघतो. सीतेची आसवं घ्या. एवढीशी निळी-जांभळी फुलं, एका बारीक दांड्यावर. एफ/४ला मागे नुसता हिरवा-गुलाबी रंग पसरलेला असतो. एफ/११ला तेच फूल आणखी चांगलं येतं, पण मागच्या गवताची पाती काड्यांसारखी उभी राहतात, आणि मघाशी जो पिवळा ठिपका वाटत होता ती कुणाची तरी छत्री असते. दवाचे थेंब मागे असले तर उघड्या अ‍ॅपर्चरला गोल गरगरीत दिसतात, आवळत गेलं की त्यांना पात्यांचे कोपरे फुटतात. तुमच्या ३५ एमएमला सात पात्या आहेत. हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं, डोळ्यानेच बघावं लागतं. छत्री दिसली की मी अ‍ॅपर्चर बदलत नाही, चार बोटं डावीकडे सरकतो.

बंड्याभाऊंचं काढा आणि बघा हे फुलाला चालतं. फुलपाखरू दुसऱ्या फोटोसाठी थांबत नाही.

अक्षांश
नाकतोडा, प्रतिसाद आवडला. मागचं बघणं हा प्रिव्ह्यूचा खरा उपयोग आहे, हे मलाही पटतं. शार्पपणा त्या छोट्याशा चित्रात मोजताच येत नाही.

मुक्ताई
याला जोडून. तक्ते आणि कॅल्क्युलेटर यांचे आकडे एका गृहीतावर उभे आहेत: साधारण ८ बाय १० इंचांचा प्रिंट, हातभरापेक्षा कमी अंतरावरून बघितलेला. तुम्ही तोच फोटो संगणकावर १०० टक्के मोठा करून बघितलात, तर लग्नसराईंचे साडेअकरा सेंटीमीटर पाच-सहावर आल्यासारखे वाटतील. उलट कॅमेऱ्याच्या तीन इंची स्क्रीनवर सगळंच शार्प वाटतं. दोन्हीकडे डोळा फसतो. म्हणून भिंगरी म्हणाली तसं पात्या मिटलेल्या असताना मोठं करून बघणं महत्त्वाचं. भिंतीवर मोठा प्रिंट लावायचा असेल तर तक्त्यापेक्षा एक स्टॉप जास्त आवळा. काकांच्या एफ/८च्या फोकसवरच एफ/११ ठेवा, हिशोब सुटसुटीत.

फक्त एफ/२२वर उडी मारू नका. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर एफ/११नंतर विवर्तन दिसायला लागतं.

गप्पिष्ट
अवांतर: कॅननने १९९२ साली ईओएस ५ काढला होता. व्ह्यूफाइंडरमध्ये तुम्ही जिथे बघाल तिथे तो फोकस करायचा, आणि वरच्या डाव्या कोपऱ्याकडे नजर टाकली की पात्या मिटून डेप्थ ऑफ फील्ड दाखवायचा. बटणच नाही, नुसती नजर! फिल्मच्या काळात!

लग्नसराई
काय सांगता! हा आत्ता कुठे मिळेल?

सिल्व्हर_ब्रोमाइड
जुन्या बाजारात कधीमधी दिसतो. चष्मेवाल्यांना नजरेचा फोकस नीट लागेलच असं नाही, घेण्याआधी डोळा लावून बघा.

मोबाइलमहर्षी
फोनवर पोर्ट्रेट मोडमध्ये आधीच दिसतं की सगळं. एवढा खटाटोप कशाला?

अक्षांश
फोनवर दिसतो तो धूसरपणा गणिताने काढलेला असतो. लेन्सचं अ‍ॅपर्चर बहुतेक फोनमध्ये बदलतच नाही. २०१८च्या गॅलेक्सी एस९मध्ये एफ/१.५ आणि एफ/२.४ अशी दोन खरी अ‍ॅपर्चर दिली होती, तो अपवाद. त्याच वर्षीच्या आयफोन एक्सएसमध्ये फोटो काढल्यावर धूसरपणा कमी-जास्त करायची पट्टी आली. चेहऱ्याला चालून जातं. पण गवताच्या पात्यांतून डोकावणाऱ्या फुलाला फोन कडा कुठे समजणार? अर्धी पाकळी खाऊन टाकतो. पाऊलवाट यांचं काम नेमकं तेच आहे.

रानजाई
कास आलंच आहे तर कळकळीने सांगते. पश्चिम घाटाच्या इतर जागांबरोबर कासचा २०१२ साली जागतिक वारशात समावेश झाला, आणि तेव्हापासून पाय वाढले. जांभ्या खडकावर मातीचा थर बोटभर असतो. तिथे एक माणूस आडवा झाला की त्याच्या अंगाखाली शेकडो रोपं जातात, आणि बी धरायच्या आधी मेलेलं रोप पुढच्या वर्षी उगवत नाही. खालच्या कोनासाठी झोपू नका. पाऊलवाट, तुमच्या डी५३००ची स्क्रीन बाहेर काढून फिरवता येते. पायवाटेवर उभं राहून, हात खाली सोडून फोटो काढा.

नाकतोडा
रानजाई, शंभरदा सहमत. मी तिथे मॅक्रोसुद्धा वाटेच्या कडेला जे मिळेल तेच करतो. कडेला भरपूर असतं.

पाऊलवाट
रानजाई, नक्की. फिरवायची स्क्रीन आणि भिंगरीची लाइव्ह व्ह्यूची युक्ती, दोन्ही एकत्र जमतात हे लक्षात आलं.

सगळं वाचून असं ठरवतोय: रुंद फोटोला किट १८ एमएम, एफ/११, दोन मीटरवर हाताने फोकस, तिथे प्रिव्ह्यूची गरज नाही. जवळच्या फुलांना ३५ एमएम, लाइव्ह व्ह्यू बंद-चालू करत एफ/२.८, ४ आणि ८ बघायचं, मागे काय येतंय त्यावर ठरवायचं. एकच विचारायचं राहिलं. किट लेन्सवर अंतराचे आकडेच नाहीत, मग दोन मीटर ओळखायचे कसे?

सिल्व्हर_ब्रोमाइड
तुमच्या उंचीहून थोडं जास्त. माणूस आडवा झाला तर जेवढी जागा घेईल, त्याच्यापुढे वीतभर. तेवढ्यावरच्या दगडावर ऑटोफोकस लावा, मग लेन्सवरची कळ एमवर सरकवा, आणि नंतर रिंगला हात लावू नका. झूम केलंत की परत फोकस करा, या लेन्सवर झूमबरोबर फोकस सरकतो.

भिंगरी
आणि जास्तीची बॅटरी घ्या. दिवसभर लाइव्ह व्ह्यू चालवलात तर एक पुरणार नाही.